आमच्या वस्तीची पेटी

राज्यशास्त्राच्या तासाला मी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगला, म्हणून आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांनी एकदा माझी प्राचार्यांकडे तक्रार केली होती. नकाशा त्यांच्या विभागाचा होता, हे खरं. पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं. नद्या, डोंगर, माती हा त्यांचा प्रांत. मी आपली घटना, संसद आणि पक्षपद्धती शिकवावी, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्यांनीही मला समजावणीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, कशाला उगाच? पुस्तकात आहे तेवढं शिकवा." मी नकाशा गुंडाळून परत दिला आणि दुसऱ्या दिवशी तोच फळ्यावर खडूनं काढला. माझा स्वभाव असा आहे, आणि तो सुधारायचं वय केव्हाच गेलं.

पुस्तकात आहे तेवढंच शिकवायचं म्हटलं तर एका वाक्याशी माझं जन्मभर वाकडं आहे. 'मतदान गुप्त असते.' दरवर्षी तो धडा आला की मी ते वाक्य मुलांपैकी कुणाला तरी वाचायला लावायची. माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. ते खरं की खोटं, हे तुम्ही नदीच्या कुठल्या काठाला राहता आणि तुमच्या वाडीत घरं किती, यावर ठरायचं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. आमच्या घरात ते घडलं, माझ्या ताईच्या बाबतीत.

आमची वस्ती चिखली तालुक्यातली. नदीच्या एका काठाला मोजकी घरं, सगळी भाजीपाला पिकवणारी. मोठं गाव नदीपलीकडे. ग्रामपंचायत तिकडे, पोस्ट तिकडे, पिठाची चक्की तिकडे, चिखलीला जाणारी एस.टी. तिकडे आणि पाचवी ते सातवीची शाळाही तिकडेच. आमच्याकडे चौथीपर्यंतची शाळा, तिचे एकुलते एक गुरुजी, मारुतीचं देऊळ आणि विहिरी. नदी जवळ म्हणून विहिरींना पाणी भरपूर होतं. हालही भरपूर होते आणि त्यांचंही कारण तेच. उन्हाळ्यात नदीचं वाळवंट व्हायचं, हिवाळ्यात गुडघ्याएवढं पाणी, आणि पावसाळ्यात मात्र ती केव्हा उतार देईल याचा नेम नसायचा. बाबा वांग्यांची पाटी घेऊन काठावर बसून राहायचे, पाणी उतरायचं नाही, चिखलीचा बाजार चुकायचा आणि वांगी घरी परत यायची. मग आम्ही वांगीच खायचो. मला अजून वांगं आवडत नाही.

उताराची जागा मात्र नामी होती. तिथं नदी दोन काठांच्या मध्ये आवळलेली आणि तळाला सलग काळा खडक. फरशी बांधायची तर ती इथंच, हे गाई राखणाऱ्या म्हाताऱ्यालाही कळत होतं. फरशी म्हणजे काही मोठा पूल नव्हे. पाण्याच्या जरा वर, दगड-चुन्याची बुटकी बांधणी. मोठ्या पुरात ती बुडतेच, पण एरवी पावसाळाभर माणूस, बैलगाडी, शाळेचं पोर त्यावरून जाऊ शकतं. आमच्या वस्तीनं देवाकडे आणि सरकारकडे वर्षानुवर्षं तेवढंच मागितलं होतं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पलीकडच्या शाळेत पाचवीत होती, आणि पाचवीत तिचं ते दुसरं वर्ष होतं. डोकं कमी म्हणून नव्हे; पावसाळ्यातली हजेरीच भरेना, म्हणून. भूगोल तिचा जीव की प्राण. अंगणात कोळशानं जिल्हा काढायची. वरच्या बाजूला घाटाखालचे तालुके, खालच्या बाजूला घाटावरचे, मधून डोंगराची रांग. घाटाखालचे वर का आणि घाटावरचे खाली का, असं मी विचारलं की ती वैतागून म्हणायची, "उत्तर दिशा वर राह्यते वो, तुह्या डोक्यात भुसा हाय का?" त्या काळी सातवी पास झालेल्या मुलीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाता यायचं. गुरुजींनी हे बाबांना पटवून दिलं होतं. बाबा वाईट नव्हते. त्यांनी आपलं सरळ सांगून टाकलं होतं, "औंदा पावसाच्या आधी फरशी झाली तं पोरगी सातवीपर्यंत जाईन. नाही झाली तं घरी बसन, अन् मंग सोयरीक पाहू."

म्हणजे त्या वर्षी आमच्या घरात ताईचं सगळं आयुष्य त्या खडकावर येऊन थांबलं होतं. ताईला ते माहीत होतं, मायला माहीत होतं आणि मला वाटतं, बैलांनाही माहीत असावं, इतकं ते बोललं जायचं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि विधानसभेची निवडणूक आली. त्याआधी मत द्यायला नदीपलीकडच्या शाळेत जावं लागे. आमच्या बाया एकदाच गेल्या होत्या. लुगडी वर खोचून त्या पाण्यातून चालत असताना मोठ्या गावातले रिकामटेकडे काठावर बसून खिदळले, आणि वर गेल्यावर ओल्या लुगड्यांनिशी त्यांना रांगेत सगळ्यांच्या मागं उभं केलं. त्यानंतर मायनं सांगून टाकलं होतं की मत गेलं खड्ड्यात, ती पुन्हा जाणार नाही. बाकीच्या बायांचंही तेच. म्हणून या खेपेला बाबा आणि गुरुजी चिखलीच्या कचेरीत खेटे घालून आले: आमच्या बाया नदी ओलांडत नाहीत, आम्हाला आमचं मतदान केंद्र द्या. आणि चक्क मिळालं. वस्तीच्या शाळेतच मतदान होणार, वस्तीची स्वतःची पेटी असणार. बाबांची छाती अशी फुगली की काही विचारू नका. मारुतीपुढं नारळ फुटला, गुरुजींना फेटा बांधला.

मग आमच्या भागाचे आमदार प्रचाराला आले. त्यांना सगळे 'साहेब' म्हणत. त्यांची जीप पलीकडच्या काठावर थांबली, कारण जीपला पाण्यात जायचं नव्हतं आणि साहेबांनाही. त्यांनी तिकडूनच भोंग्यातून भाषण केलं. आम्ही अलीकडे उभं राहून ऐकलं. अर्धं भाषण वाऱ्यानं नेलं, पण 'फरशी' हा शब्द नीट पोचला. दोन दिवसांत उतारापाशी चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या आणि फोडलेल्या दगडांचे ढीग येऊन पडले. ताई रोज शाळेतून येताना त्या ढिगांवरून हात फिरवून यायची.

दगड पडल्यावर मोठ्या गावचे सरपंच नदी ओलांडून आमच्याकडे आले. साहेबांचा तिकडचा सगळा कारभार तेच बघत. मारुतीच्या देवळात वस्तीतले सगळे कर्ते पुरुष जमले. सरपंच म्हणाले, "फरशी तुमची पक्की. पण साहेबाले शब्द पाह्यजे. वस्तीचं एक मत इकडचं तिकडं नाही झालं पाह्यजे." आपल्याकडे शब्दाला वजन यायचं तर बेल उचलावा लागतो. मारुतीपुढं बेलाची पानं ठेवली, एकेकानं पान उचलून कपाळाला लावलं आणि साऱ्या घराची मतं देऊन टाकली. बाबांनी उचललं ते स्वतःचं, मायचं आणि आमच्या म्हाताऱ्या आत्याचं. माय तेव्हा घरी भाकरी थापत होती. तिला विचारायला कुणी आलं नाही, आणि विचारायचं असतं हे कुणाला सुचलंही नाही.

आठवड्यानं दुसरे उमेदवार आले. चिखलीचे एक वकील, अपक्ष उभे होते, त्यांचं चिन्ह झाड. ते धोतर वर धरून, वहाणा हातात घेऊन पाण्यातून चालत आले. पुरुष बेलाला बांधलेले, त्यामुळं जो तो मळ्यात काम काढून गेला होता. विहिरीवर फक्त बाया. वकील पाणी मागून प्याले आणि त्यांनी सहज विचारलं, "पावसाळ्यात तुम्ही काय करता हो बाई?" मी मायच्या पदराशी होते, म्हणून मला हे नीट आठवतं. असं कुणी मायला पहिल्यांदाच विचारत होतं. ती आधी लाजली आणि मग जी सुरू झाली ती थांबेना. बाळंतीण कशी अडते, दळण कसं थांबतं, पोरीची शाळा कशी बुडते. वकील ऐकत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "निवडून येईन असं वाटत नाही. पण आलो तर जागा हीच. खडक इथंच आहे." आश्वासन म्हणून हे फारच किरकोळ होतं. बायांना मात्र ते साहेबांच्या भोंग्यापेक्षा जास्त आवडलं.

मतदानाच्या आदल्या दुपारी आमच्या अंगणात बायांची शाळा भरली आणि मास्तरीण होती ताई. या वेळी कागदावर शिक्का मारायची पद्धत होती आणि बायांना भीती होती ती शिक्क्याची. ताईनं गाजराचं बूड कापून शिक्का केला, कुंकू पाण्यात कालवलं, जुन्या वहीच्या पानांवर चिन्हं काढली. शिक्का कुठं मारायचा, कागदाची आधी उभी घडी मग आडवी, म्हणजे शाई दुसऱ्या चिन्हावर उमटत नाही, हे सगळं तिनं एकेकीकडून करून घेतलं. बाराएक वर्षांची पोर, पण आवाज असा चढवला होता की आत्याबाईसुद्धा गुमान ऐकत होत्या. मी जन्मात इतका चांगला तास पाहिलेला नाही, माझे स्वतःचे धरून.

मग शेजारच्या काकूनं हळूच विचारलं, "काऊन वो पोरी, कोणाले मत देलं ते नवऱ्याले समजते का?"

"नाही समजत."

"सरपंचाले?"

"नाही."

"अन् सायबाले?"

"कोणालेच नाही समजत. पुस्तकात हाय." ताई घरात गेली, नागरिकशास्त्राचं पुस्तक घेऊन आली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, 'मतदान गुप्त असते.'

"अन् मारुतीले?" काकूनं विचारलं. सगळ्या हसल्या. माय हसली नाही. ती म्हणाली, "बेल ज्यायनं उचलला त्यायचा हिशोब मारुती पाहीन. आपण कुठी उचलला?"

प्रत्येकीच्या मनात गाठ पक्की झाली, हे मला आज कळतं. तेव्हा मी उरलेली गाजरं खाण्यात गुंग होते.

दुसऱ्या दिवशी वस्तीत सण होता. बायांनी लग्नातली लुगडी काढली. पेटी घेऊन आलेल्या माणसांना वांग्याची भाजी आणि भाकरी झाली. माय मत देऊन बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं, आणि शाई लावलेल्या बोटाला तिनं दोन दिवस राख-माती लागू दिली नाही. भांडी आत्यानं घासली. ताईनं मला कानात सांगितलं, "मायनं झाडाले देलं." आणि लगेच माझा कान पिळला, "कोणाले सांगशीन तं पाह्य."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही.

मतमोजणी चिखलीला झाली. साहेब निवडून आले, मोठ्या फरकानं आले. आमच्या वस्तीची मतं त्यांना मिळाली काय, न मिळाली काय, त्यांच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. पण त्या काळी प्रत्येक केंद्राची पेटी वेगळी उघडून वेगळी मोजत. उमेदवारांची माणसं समोर बसलेली असत आणि कुठल्या गावानं काय दिलं ते टिपून घेत. मोठ्या गावची पेटी मोठी. तिथं कुणी काय केलं, कुणाच्या बापाला कळलं नसतं. आधीच्या निवडणुकीत आमचीही मतं त्याच ढिगात पडली होती. आता आमची पेटी वेगळी होती, आम्हीच मागून घेतलेली, आणि तिच्यात आमच्याखेरीज कुणी नव्हतं.

सरपंच दुसऱ्याच दिवशी आले. या वेळी ते देवळात बसलेसुद्धा नाहीत. पारापाशी उभ्या उभ्याच म्हणाले, "भाऊ, तुमची पेटी साफ नाही निंघाली. निम्मी मतं झाडाले हायेत. बेल उचलून तुम्ही सायबाले असं कराव?"

पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. प्रत्येकाला आपण काय केलं ते माहीत होतं. निम्मे म्हणजे कोण, हे समजायला मग वेळ लागला नाही. बाबा घरी आले आणि मायला फक्त एवढंच विचारलं, "तू बी?" माय म्हणाली, "हाव. म्या बेल नोहता उचलला." बाबांनी हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. त्यांनी मायशी बोलणं टाकलं, आणि ते आखाडापर्यंत टाकलेलंच होतं. इतर घरांत काय झालं ते नुसतं ऐकू यायचं. काकूचा दंड कितीतरी दिवस काळानिळा होता. आणि बाया मायला बोल लावायला लागल्या, की तुझ्या पोरीनं सांगितलं कुणाला समजत नाही, तुझ्या पोरीनं पुस्तक दाखवलं. ताईला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. विहिरीवर ती गेली की बोलणं थांबायचं, इतकंच.

होळीच्या सुमाराला दगड हलले. नदीच्या खालच्या अंगाला दुसरं एक गाव होतं, त्यांची पेटी साफ निघाली होती. फरशी तिकडे करायची ठरली. तिकडे नदीचं पात्र रुंद आणि तळाला नुसती वाळू, पण त्याचं कुणाला काय? ढीग वाहून न्यायला गाड्या लागणार होत्या आणि गाड्या आमच्याच वस्तीत होत्या. बाबांनी बैल जुंपले. न जुंपून करतात काय? वस्तीतल्या सगळ्यांनी जुंपले. आमच्या उतारापाशी पडलेली आमची फरशी आमच्याच बैलांनी ओढून दुसऱ्या गावाला नेली. ताई काठावर उभी राहून बघत होती. मी तिचा हात धरून उभी राहिले.

वाळूवरची ती फरशी पुढं एका पुरात वाहून गेली, हे जाता जाता सांगते. आनंद वाटावा अशी ती गोष्ट नाही. मला तरीही वाटला.

पावसाळा आला. ताई सहावीत गेली होती. पहिले काही दिवस ती कशीबशी जात राहिली. एकदा छातीएवढ्या पाण्यातून आली, दप्तर डोक्यावर धरून, तेव्हा मायनं तिला मारलं आणि मग मिठी मारून स्वतःच रडली. त्यानंतर बाबांनी शाळा बंद केली. घाटाखालचं एक स्थळ आलं होतं, मोताळ्याच्या बाजूचं, कापसाची शेती, माणसं बरी. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. नदीत पाणी नव्हतं, वऱ्हाडाच्या गाड्या खडकावरून खडखडत सुखानं आल्या आणि सुखानं गेल्या. ताई चौदा वर्षांचीसुद्धा नसेल. मला त्या दिवशी बाबांचा, सरपंचांचा, मारुतीचा, सगळ्यांचा राग आला होता, आणि तो राग आजही माझ्याजवळ आहे. लोक म्हणतात, वयानं राग निवतो. माझा तरी निवला नाही.

पुढची निवडणूक आली तेव्हा वस्ती शहाणी झाली होती. या वेळी मारुतीपुढं बायांनाही नेलं. एकेकीनं बेलाचं पान उचललं. मायनंही उचललं. तिला शिक्का मारायला कुणाला शिकवावं लागलं नाही, आणि बाहेर आल्यावर तिनं शाईचं बोट तसंच शेणात घातलं. आमची पेटी साफ निघाली. इतकी साफ की साहेबांनी म्हणे चिखलीच्या सभेत आमच्या वस्तीचं कौतुक केलं. बक्षीस म्हणून आमच्या शाळेला पाचवी ते सातवीचे वर्ग मंजूर झाले, आणि त्यांना जोडून एक नवे मास्तर आले.

त्या वर्गांत मी शिकले. नदी न ओलांडता, हजेरी न बुडवता, सातवीपर्यंत. नंतर चिखलीला मामाकडे राहून हायस्कूल आणि पुढं कॉलेज. मला शिष्यवृत्ती मिळाली, सत्कार झाला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मायनं आणि काकूनं मान खाली घालून जे केलं, त्याच्यावर माझं शिक्षण उभं आहे. ताईनं मान वर करायला शिकवली आणि ती कापूस वेचायला गेली. यात न्याय कुठं आहे ते मला कुणी दाखवून द्यावं. मी राज्यशास्त्र घेतलं तेच मुळी हे शोधायला, आणि तिथं मला कलमं सापडली, पोटकलमं सापडली, विचारवंत सापडले. नदी कुठंच सापडली नाही. कॉलेजात भूगोलाचा वर्ग आमच्या समोरच भरायचा. तिथल्या भिंतीवर नद्या होत्या, पण त्यांच्या काठावर कुणी मत देत नव्हतं.

मी कॉलेजात असतानाच माय गेली. कावीळ झाली आणि पंधरवड्यात आटोपलं. उन्हाळा होता, नदी कोरडी होती, त्यामुळं नदीला दोष देता येत नाही. ताई शेवटचे दिवस येऊन राहिली होती. माझी परीक्षा होती. मी पोचले तेव्हा मायचं बोलणं थांबलं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलं, की आता मतमोजणीची पद्धत बदलली आहे. निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायच्या आणि मग मोजायच्या. कुठल्या गावानं कुणाला मत दिलं ते कळू नये आणि मागाहून कुणी त्या गावाला त्रास देऊ नये, म्हणून. एवढं सांगून सर पुढच्या मुद्द्याकडे वळले. शेजारच्या मुलीनं ते वहीत उतरवूनही घेतलं नाही. मी त्या तासाला पुढं काही ऐकलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घाट उतरून ताईकडे गेले. ती वेचणीवरून नुकतीच आली होती, कमरेची कापसाची ओटी अजून सोडलेली नव्हती, लहानगं मांडीवर रडत होतं. मी तिला मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

"कालवतेत म्हंजे?" तिनं विचारलं.

"सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या एका ठिकाणी करतेत. मंग मोजतेत. कोणती कोणाची, कोणालेच समजत नाही."

"सरपंचाले?"

"नाही."

"सायबालेबी?"

"सायबालेबी नाही, ताई."

ती पोराला थोपटू लागली. मग म्हणाली, "मंग तवाच काऊन नाही कालवल्या वो?"

माझ्याकडे उत्तरं होती. नियम कधी बदलतात, का बदलतात, सगळं मला पाठ होतं. मी लहानगं तिच्या मांडीवरून माझ्या मांडीवर घेतलं.

"मायच्या शेवटच्या दिवसात," ताई म्हणाली, "म्या तिचे पाय धरले होते. म्हटलं, माय, म्या तुमाले समद्याले खोटं सांगतलं. माह्यामुळं तुले लोकायचं आयकून घ्या लागलं, बाबा तुह्याशी बोलले नाहीत. मले माफ कर."

"मंग? माय काय म्हणे?"

"म्हणे, लेकरू होतं तू. असू दे." ताईनं ओटीची गाठ सोडली आणि कापूस खाली ओतला. "खोट्याची माफी घेऊन बसली मी तिच्यापासून. चिठ्ठ्या त्यायनं नाही कालवल्या. मी तं खोटं बोलली नोहती."